सात वाव ताण

आमच्या तांडेलाने एकदा नुसत्या मानेचा ताण वाढवून रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवरचे सव्वाशे कावळे उडवले होते. हात हलवला नाही, हुश्श केलं नाही, पापणीसुद्धा जागची हलली नाही. बोट नुकती लागलेली, मासळीच्या टोपल्या उघड्या, कावळे टोपल्यांवर, आणि हा माणूस पाच हातांवर उभा. बघता बघता त्याच्या मानेच्या दोन शिरा नांगराच्या दोरासारख्या वर आल्या आणि कावळे असे उडाले की त्यातले काही थेट वीस किलोमीटरवरच्या पालीच्या बाजारात जाऊन उतरले. सव्वाशे हा आकडा मी मोजलेला नाही. दिन्या रिक्षावाला दीडशे म्हणतो, पण त्याला प्रत्येक गोष्ट वाढवून सांगायची खोड आहे.

तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान. याला दुसरं नाव होतं, रेशनकार्डावर असणारच. पण बंदरावर सगळे तांडेल म्हणत, त्याची बायकोही म्हणे. अंगाने हा माणूस म्हणजे पीळ दिलेला काथ्या. साठी गाठलेली, पण पोटाचा पत्ता नाही. मुठी कायम मिटलेल्या. चहाचा कपसुद्धा मुठीत धरायचा, त्यामुळे त्यांच्या घरात एकाही कपाला कान शिल्लक नव्हता. नमस्कार करायचा तर दोन मुठी एकमेकींवर टेकवायचा. नवख्या माणसाला वाटे, हा भांडायला आलाय.

आणि हा माणूस आम्हाला नाटक शिकवायचा.

झालं असं, की आमच्या हौशी मंडळाचा प्रयोग होता आणि मी बापाच्या मरणावर रडत होतो. मी तेव्हा तहसील कचेरीत होतो. दिवसभर बसून बसून अंगाचा पाट झालेला, पण रडण्यात मी कुणाला हार जाणारा नव्हतो. पहिल्या दोन रांगा माझ्या अश्रूंनी ओल्या झाल्या होत्या असं लोक सांगतात. लोक म्हणजे मी. मध्यंतरात एक अनोळखी माणूस चड्डी-बनियनवर सरळ रंगपटात घुसला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला,

"तुझां रडणं गळ्याच्या वर हाय. खाली तुझे गुडघे लग्नाला आल्यासारे उभे होते."

"तुम्ही कोण?"

"मी कोन तां ऱ्हावदे. बाप मेल्यावर पयला काय सैल होतां?"

मी म्हटलं, "मन."

"मन कोनी बगितलांय? कंबर. कंबर सुटते. मग खांदे तिला धरायला जातात आनि तेंना तां जमत नाय. तां नाय जमलां, की मानसां रडतात."

दुसऱ्या अंकात मी कंबर सोडली. प्रेक्षकांतून एक बाई उठून बाहेर गेली आणि पायऱ्यांवर बसून तिच्या गेलेल्या वडलांसाठी रडली. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून तांडेल आमचा दिग्दर्शक. त्याला ना मराठी नीट वाचता येई, ना त्याने आयुष्यात कधी स्वतः तोंडाला रंग लावला. पण माणसाच्या अंगातला ताण तो वावात मोजायचा.

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. दर्यावर्दी लोक पाण्याची खोली वावात मोजतात, दोर वावात मोजतात. ताण वावात मोजणारा पृथ्वीवर एकच झाला. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "तांडेल, वाव हे लांबीचं माप आहे. ताणाचं नव्हे."

"कचेरी," तो मला कायम याच नावाने हाक मारी, "सांजचा घरी जाताना तू दमतोस, तां कशात मोजतोस?"

"त्याला माप नाही."

"माज्याकडे हाय. मग गप."

त्याच्या हिशेबात माणूस एका वावापासून सात वावांपर्यंत होता. एक वाव म्हणजे वाळूत कलंडलेली होडी. श्वास चालू, बाकी बंद. दोन वावांवरचा माणूस भिंतीला खांदा लावून उभा राहतो आणि प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणतो. आमची सगळी कचेरी दोन वावांवर चाले. तीन वाव म्हणजे कामापुरता ताण. पोळी लाटणाऱ्या बाईला बघ म्हणायचा, मनगटात आहे तो ताण कानात नाही. तसा देवाने सगळ्यांना दिला असता तर नाटकांची गरज पडली नसती. चौथ्याला कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वर होते. पाच आणि सहा वादळाचे. सातव्यावर तो जास्त बोलत नसे. "सातव्याला दोर तुटतो नायतर मानूस दगड होतो," एवढंच. आणि कोणताही संवाद पाठ व्हायच्या आधी तो आम्हाला आकडा द्यायचा. "'ये, बस' हे दोन वावांवर बोल. आनि 'चहा घेनार काय' हे पाचावर." चहा घेणार काय हे पाच वावांवर विचारून बघा. समोरच्याला कळतं, या घरात काहीतरी भयंकर घडलेलं आहे.

दुपारची तालीम कंटाळवाणी झाली की तो आम्हाला एसटी स्टँडवर न्यायचा. बाकावर ओळीने बसायचं आणि माणसं मोजायची.

"ती काळ्या पिशवीची. किती?"

"तीन," मी म्हणायचो.

"साडेचार. पोरगा परगावी चाललाय तिचा. तोंड हसतांय तां सोड. चपलेत अंगठा बग."

अंगठा चपलेच्या पट्ट्याला असा धरून होता, जसा काही जमीन निघून चालली आहे. मुंबईची गाडी लागली, पोरगा चढला, गाडी हलली, आणि बाईचा अंगठा सुटला. मी अजूनही त्या स्टँडवर गेलो की माणसांचे चेहरे बघत नाही.

नीलाताई म्हणून एक परिचारिका आमच्यात काम करायच्या. त्या सांगायच्या की तांडेलाकडे शिकायला लागल्यापासून त्यांना रुग्णाच्या पायांवरून ताप कळतो. दिन्या म्हणायचा, त्याला गिऱ्हाईकाच्या हात करण्यावरून कळतं की हा मीटरवरून भांडणार. मी काय शिकलो ते पुढे सांगतो.

पहिला वाव शिकवायला तांडेलाने आम्हा सात जणांना भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत नेलं होतं. माघ संपत आलेला. ऊन असं, की अंगावर कुणी धुतलेलं पांघरूण टाकतंय. सुरूच्या बनातून वारा येई तो जाताना आवाज मागे ठेवून जाई. त्याने आम्हाला उताणं पाडलं आणि स्वतः पायांशी उभा राहून बोलायला लागला. हा माणूस एरवी करवतीसारखा बोले, पण त्या दिवशी त्याचा आवाज सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पाण्यासारखा मागे मागे जात होता.

"डाव्या पायाचा अंगठा सोड. तो तुजा नाय, वाळूचा हाय. घोटा सोड. पोटरीत जां काय धरून ठेवलांस, तां सकाळचां हाय, सोड. गुडघा. मांडी. आता पाठ एकेक मणक्यानं उतरव, बोट धक्क्यावरून उतरवतात तशी. जीभ सोड. जिभेला कोनी कधी सोडत नाय. डोळ्यांच्या मागं एक बारीक दोरी असते, ती सोड…"

पुढचं मला माहीत नाही. कारण आम्ही सातही जण गाढ झोपलो होतो. आणि ती झोप अशी, की मी माझ्या आजोळच्या विहिरीत उतरलो, विहिरीच्या तळाशी एक बाजार होता, बाजारात सगळे ओळखीचे लोक होते आणि कुणीच काही विकत नव्हतं. मी त्या बाजारात तीन-चार महिने राहिलो. मग तोंडात खारट लागलं.

डोळे उघडले तर भरती आलेली. मी पाण्यावर तरंगत होतो. डावीकडे दिन्या तरंगत होता आणि घोरत होता, प्रत्येक घोरण्याबरोबर थोडा पुढे सरकत होता. नीलाताईंची चप्पल क्षितिजाकडे निघाली होती. ती आज आफ्रिकेत कुणाच्या तरी पायात असेल. आणि किनाऱ्याकडे बघितलं तर छातीभर पाण्यात तांडेल उभा. आम्ही झोपल्यावर त्याने सातही जणांच्या घोट्यांना एकच दोर अडकवला होता, त्याचं टोक स्वतःच्या मुठीत धरलं होतं, आणि सात झोपलेली माणसं पतंगासारखी समुद्रात सोडून तो शांत उभा होता.

"उठवलं का नाही?" नीलाताई ओरडल्या.

"झोपलेल्या मानसाला उठवू नये," तो म्हणाला. "मेहनत असते ती."

कपडे वाळत घातल्यावर आम्ही त्याच्या मागे लागलो, की आता तुम्ही पडा, आम्ही 'सोड' म्हणतो. तो पडला. टाचा वाळूला टेकलेल्या, डोकं टेकलेलं, मध्ये पूल. नीलाताईंनी अंगठ्यापासून डोळ्यांमागच्या दोरीपर्यंत सगळं दोनदा म्हटलं. त्याच्या पाठीखालून एक कुर्ली, म्हणजे खेकडा, या बाजूने आत गेली आणि आरामात त्या बाजूने बाहेर आली. दहा मिनिटांनी तो उठून बसला, वाळू झटकली आणि म्हणाला, "मला नाय येत तां."

दुसऱ्यांना पहिला वाव शिकवणारा माणूस. त्याला तो येत नव्हता.

आम्ही हसलो. काकी हसली नाही. काकी म्हणजे त्याची बायको. माशांचे वाटे लावून विकायला बसे आणि दोन शब्दांत गिऱ्हाईक गार करी. तिला ही कुर्लीची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "घरात रोज हीच कथा. रातभर उताना पडून वाशे मोजतो. मुठी बग तेच्या. एकदा माजी वेणी हातात गावली तर पाटेपर्यंत सोडलीन नाय. मी तशीच बसून ऱ्हायले. काय करनार?"

मग एका सकाळी जेटीवर चालता चालता तांडेल खाली बसला आणि उठेना. दिन्याने रिक्षा अशी हाणली की तिची चाकं रस्त्याला लागली नाहीत. डॉक्टरांनी तपासलं, तारा लावल्या, आठ दिवस ठेवून घेतलं. सोडताना म्हणाले, "हृदय थकलंय. आता एकच करायचं. ताण घ्यायचा नाही. आणि झोप पाहिजे." तांडेल वर छताकडे बघत होता. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर नेलं आणि काकीला सरळ सांगितलं, की या आठ दिवसांत हा माणूस एक तासही नीट झोपलेला नाही, असंच चाललं तर दिवाळी दिसणार नाही.

झोपेच्या गोळ्या होत्या. तांडेल म्हणे, "गोळी मला खाली खेचते, मी वर धरतो. सकाळी दोगं दमलेले असतो."

आता नाटक बंद, असं काकीने जाहीर केलं. ते चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी ती स्वतःच जाळ्यांच्या शेडमध्ये त्याला घेऊन आली. पावसाळ्याचे मासेमारीबंदीचे महिने, बोटी वर ओढून झाकलेल्या, आमच्या तालमी तिथेच चालत. "घरात बसून वाश्यांना ताण देतोय," ती म्हणाली. "काल एक कौल फुटलां. तुमच्यात बसूंदे. पन उठायचां नाय, ओरडायचां नाय. आनि ताण घ्यायचा नाय."

तांडेल खुर्चीत बसला. काकी दाराबाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, "घ्यायचा नाय म्हनालाय डॉक्टर. द्यायचा नाय असां नाय म्हनाला."

आम्ही एकांकिका स्पर्धेत उतरलो होतो. गोष्ट तांडेलाची, लेखणी माझी. दोघे भाऊ असतात. बापाची बोट खडकावर आपटून बुडतेय. धाकटा पाण्यात, बोटीचा दोर दोन्ही मुठींनी धरून. बोट बापाची आहे, सोडायला तयार नाही. थोरला खडकावर. हात पुरत नाही. शेवटी थोरला एकच शब्द ओरडतो: "सोड!" धाकटा दोर सोडतो, पोहू लागतो, पडदा. धाकटा दिन्या, थोरला मी, आई नीलाताई.

त्या एका शब्दासाठी तांडेलाने मला सातवा वाव दिला. आजवर कुणाला दिला नव्हता. "सगळां त्या एका सोडवर हाय," तो म्हणे. "तिकडे किल्ल्यावर भगवती देवीला जाग आली पायजे. मग ढाल आपली." आमच्या मंडळाला आजवर उत्तेजनार्थसुद्धा मिळालेलं नव्हतं. त्या ढालीसाठी आम्ही काय वाटेल ते केलं असतं, आणि उत्कृष्ट नटाच्या पदकासाठी मी त्याहून जास्त.

पहिल्या दिवशी मी ओरडलो तर तांडेल म्हणाला, "शिपायाला हाक मारतोयस."

दिन्या पाण्यातून, म्हणजे सतरंजीवरून, म्हणाला, "सोड काय सोड? कुठं सोडू? स्टँडवर?"

पण हळूहळू जमायला लागलं. तांडेल खुर्चीतून कुजबुजल्यासारखा बोले, आणि माझ्या टाचेत ताण उभा राही, तो पोटरीतून वर चढे, मांड्या दगडी होत, कणा आवळे, जबडा. शेवटच्या आठवड्यात मी असा ओरडलो की तीन वाड्यांमधल्या गाई दावं तोडून रस्त्यावर आल्या. त्यांना वाटलं आपल्यालाच सांगतायत.

त्या आठवड्यात एका दुपारी पाऊस पत्र्यावर झोडत होता, बाकीचे यायचे होते, शेडमध्ये आम्ही दोघंच. मी विचारलं, "तांडेल, तुम्हाला झोप का नाही?"

तो पावसाकडे बघत म्हणाला, "रातची बोट नांगरावर असते. खलाशी निजतात. तांडेल दोरावर हात ठेवून पडतो. नांगर धरून असला, की दोर एका सुरात घुमतो. सरकला, की सूर बदलतो. कानाला नाय कळत तां, तळव्याला कळतां. पस्तीस वर्सां मी तळवा जागा ठेवला. आता तेला सांगतो, बाबा, घरात हाव आपन. खाली जमीन हाय. जमीन खंय जानार नाय." त्याने मुठी बघितल्या. "तो ऐकत नाय."

स्पर्धेत चिठ्ठ्या पडल्या आणि आम्हाला वेळ आली दुपारची अडीच. या वेळेला रत्नागिरीत देवसुद्धा डाव्या कुशीवर असतात. प्रेक्षक जेवून आलेले. बाहेर पाऊस थांबून सगळी झाडं निथळत होती, आणि नाट्यगृहाच्या आत अशी पेंग भरून राहिली होती की पडद्यालाही जांभई येत होती. काकी विंगेत येऊन मला म्हणाली, "आज अकरावी रात झाली. डोळ्याला डोळा नाय. तेवढां बरां करा तुमचां, म्हंजे तेला बरां वाटल." आणि ती जाऊन पहिल्या रांगेत त्याच्या शेजारी बसली.

प्रयोग चढत गेला. मी खोटं सांगणार नाही. निदान याबाबतीत नाही. दिन्या रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला, प्रेक्षकांकडे पाठ करून, दोर मुठीत धरून गुडघ्यांवर. मी मागे उंच खडकावर, तोंड प्रेक्षकांकडे. शेवट जवळ आला. टाचेत ताण उभा राहिला. पोटऱ्या. मांड्या. मी खाली दिन्याच्या मुठींकडे बघितलं. आणि त्यांच्याच रेषेत, पलीकडे, आणखी दोन मुठी दिसल्या.

तांडेल झोपला होता.

मान छातीवर पडलेली. तोंड किंचित उघडं. श्वास असा लांब, की जाताना तो लवकर परतेल असं वाटू नये. पण गुडघ्यांवर ठेवलेल्या मुठी पांढऱ्याफटक आवळलेल्या. झोप त्याच्या खांद्यांपर्यंत येऊन, कोपरांपर्यंत येऊन, मनगटाशी अडली होती.

काकी माझ्याकडे बघत होती. तिने ओठांवर बोट ठेवलं नाही, हात केला नाही, मान हलवली नाही. नुसती बघत होती. तिचा पदर तिने दोन्ही हातांनी धरला होता आणि मला न मोजता कळलं, सहा.

माझा ताण कण्यातून वर आला, मानेत आला, जबड्यात आला. सात. ओरड गळ्याशी तयार, गोफणीत दगड ठेवावा तशी. भगवतीला जाग आणणारी, ढाल आणणारी, पदक माझ्या छातीवर लावणारी. परीक्षक पेन उचलून बसलेले. आता सोडायची, की झालं. मला आठवतंय, त्या क्षणी सगळं नाट्यगृह पाण्याखाली गेल्यासारखं झालं. दिवे हिरवे, माणसं हळू, आणि मी एका शब्दाच्या काठावर उभा.

"सोड," मी म्हटलं.

आवाज निघालाच नाही जवळजवळ. अंग सात वावांवर, आणि आवाज मांडीवरच्या पोराला थोपटावं तेवढा. दिन्याला ऐकू गेलं नाही. तो दोर धरूनच राहिला. मला खडकावरून खाली यावं लागलं, जे नाटकात नव्हतं. मी त्याच्याजवळ बसलो. माझे दात थडथडत होते, हातांच्या शिरा फुटतील अशा वर आल्या होत्या.

"सोड रे," मी म्हटलं. "सोड आता. मी हाय."

पलीकडे तांडेलाच्या उजव्या हाताची करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. एकेक करून पाचही बोटं उघडली, मग डाव्या हाताची. दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे पडले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिले. शिंपल्याच्या आतल्या अंगासारखे, आणि मधून आडवा दोराचा वळ. दिन्या वळून बघत नव्हता, पण माझ्या तोंडाकडे बघून त्याच्याही मुठी सुटल्या. पडदा पडला.

टाळी झाली नाही. दुसऱ्या रांगेत एका गृहस्थाने हात वर उचलले होते. काकीने मागे मान वळवली, आणि हात तसेच खाली गेले. मग मागच्या रांगेने पुढच्या रांगेकडे बघितलं, त्यांच्याकडे त्यांच्या मागच्यांनी. पाचशे माणसं श्वास मोजत बसली होती. अशी शांतता मी नंतर कुठल्याच नाट्यगृहात ऐकली नाही. रंगपटात आम्ही मेकअप काढला तोही कापूस अलगद टेकवून.

पुढची एकांकिका ऐतिहासिक होती. ढोल, तुतारी, चाळीस मावळे, आणि शेवटी खरोखरची वाटावी अशी तोफ. तांडेल हलला नाही. दिन्या मला विंगेत म्हणाला, "म्हणजे तू ओरडला असतास तरी चाललं असतं की."

"आता ते सुटल्यावरचं झालं," मी म्हटलं. "सुटल्यावर काय, तोफ उडव."

संध्याकाळी दिवे लागताना त्याला उचलून रिक्षात ठेवलं. दिन्याने मारुती मंदिरापासून इंजिन बंद केलं आणि उताराने, ब्रेक न वाजवता, थेट बंदरापर्यंत उतरवली. तांडेल दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला उठला.

ढाल गेली चाळीस मावळ्यांकडे. आम्हाला उत्तेजनार्थही नाही. परीक्षकांच्या कागदावर आमच्यापुढे एकच ओळ होती: अत्युच्च क्षणी प्रमुख नटाचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नाही. कचेरीत मी हजारो शेरे वाचले. इतका अचूक एकही नव्हता.

त्यानंतर तांडेलाने सहा दिवाळ्या बघितल्या. पण मी सांगतोय तो दुसरा दिवस. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो पडवीत आरामखुर्चीत बसला होता, तोंड झोपेने सुजलेलं.

"ओरडलास काय?"

"ओरडलो."

"देवीला जाग आली?"

"देवी किल्ल्याच्या पायऱ्या उतरून खाली आली होती. लोकांनी परत पाठवली."

"मग मी कसा नाय उठलो?"

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, कुठे अडलो नाही. तिथे अडलो. आतून नारळ खोवण्याचा आवाज थांबला आणि काकी म्हणाली, "उठला होतात की. टाळी पन वाजवलीत. निजेत इसरलात."

तांडेलाने तिच्या दिशेला बघितलं, मग माझ्याकडे. माझे गुडघे, माझे खांदे, चपलेतला माझा अंगठा, सगळं त्याने सावकाश वाचलं. त्याच्यापासून काही लपायचं नाही, हे मला ठाऊक होतं.

"असल," तो म्हणाला. "वाजवली असल."

मग त्याने मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

"जरा पडतो मी. तू बस हितंच."

"बसलोय," मी म्हटलं.